नाडीपासून नकाशापर्यंत

(मंडळाच्या निधी-संकलन संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तुमच्या घरच्या हृदयाच्या दुरुस्तीबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोला' असं कार्यकारिणीनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही जरा बिचकलो. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी एकानं जन्मभर लोकांचे हिशेब तपासले आणि दुसरीनं इथल्या शाळेत गणित शिकवलं. आणि समोरच्या दोन रांगांत तर मंडळाचे अर्धा डझन डॉक्टर बसले आहेत! पण हृदय बिघडलं ते आमच्याच घरातलं. ते कुणाचं, हेही सांगून टाकतो. आमच्यातला जो उंच आहे आणि माइकपासून चार पावलं लांब उभा आहे, त्याचं. झोप मात्र दोघांची उडाली, म्हणून भाषणही दोघांचं.

सुरुवात जेवणाच्या टेबलापासून करतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात रत्नागिरीहून ताई आमच्याकडे राहायला आली होती. ताई म्हणजे आमच्यातल्या एकाची थोरली बहीण आणि दुसरीची नणंद. तिची सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून परिचारिका म्हणून झाली. रिटायर झाली तरी हाताची सवय काही जात नाही. तिची बॅग जिन्यावरून वर नेऊन ठेवताना धाप लागली. तशी ती गेले काही महिने लागतच होती, आणि छातीत अधूनमधून कबुतर फडफडल्यासारखंही व्हायचं. 'वय झालं, बटाटेवडे कमी करायला हवेत' असं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. ताई हसली नाही. तिनं हात धुतले, भावाचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट गप्प बसली.

मग म्हणाली, "अरे, तुझी नाडी एकसारखी लागत नाहीये. थांबते काय, पळते काय, मधेच एक ठोका गिळते. कधीपासून आहे हे?" आणि आमच्यातल्या दुसरीला म्हणाली, "अगं, ह्याचं काही ऐकू नकोस हं. उद्या सकाळी धरून घेऊन जा डॉक्टरकडे."

तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं की तिला आमची काकू आठवली होती. काकूविषयी पुढे सांगतो, कारण आजच्या कार्यक्रमाचा खरा संबंध तिच्याशीच आहे.

दुसऱ्या दिवशी जी.पी.कडे ईसीजी निघाला. उंच टोकांमधलं अंतर दर वेळी वेगळं होतं. प्रत्येक टोकाच्या आधी जी छोटीशी टेकडी दिसायला हवी ती गायब होती आणि तिच्या जागी नुसती थरथर. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. सगळे त्याला ए.एफ. म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. ब्रिटनमध्ये पंधरा लाखांहून अधिक लोकांना हे निदान झालेलं आहे. म्हणजे ह्या सभागृहातही आम्ही एकटे नसणार.

ए.एफ. म्हणजे काय, हे आम्ही आमच्यासाठी लेझमाच्या भाषेत समजून घेतलं. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम पथक चालतं तेव्हा पुढे एक जण शिट्टी वाजवतो. त्या शिट्टीवर सगळं पथक एकदम वाकतं, एकदम उठतं. हृदयात ती शिट्टी उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आहे. तिथल्या पेशींचा एक बारीकसा पुंजका मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देतो. इशारा वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत जातो. खालचे कप्पे आवळले की आपल्याला मनगटावर ठोका लागतो.

ए.एफ.मध्ये शिट्टी ऐकूच येत नाही. वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विजेच्या लाटा वाटेल तशा धावतात. प्रत्येक जण आपापलं लेझीम खुळखुळवतोय, पण पथक जागच्या जागी! कप्पा आवळला जात नाही, नुसता थरथरतो. मधली चौकी बिचारी त्यातले जमतील तेवढे इशारे खाली सोडते, तेही मनाला येईल तसे. म्हणून नाडी अशी वेडीवाकडी लागते.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते, तिच्यात गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. ए.एफ. असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. त्यामुळे आमच्याकडे पहिली गोष्ट सुरू झाली ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. बाकी सगळं नंतर.

आता नकाशाकडे वळतो. गंमत अशी की ह्या नकाशाची पहिली पानं आपण राहतो त्याच देशात काढली गेली.

लँकेशायरमधल्या बर्न्ली गावात जेम्स मॅकेन्झी नावाचे एक साधे जी.पी. होते. ते मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच कागदावर शाईनं उमटवत. संधिवाती तापानं झडप अरुंद झालेली एक बाई त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होती. १८९० च्या दशकात एकदा तिची नाडी अनियमित झाली, आणि त्याच वेळी मानेतली वरच्या कप्प्याची लाट कागदावरून नाहीशी झाली. मॅकेन्झींना वाटलं, वरच्या कप्प्याला लकवाच झाला. निष्कर्ष चुकीचा होता, पण जागा अचूक होती. बिघाड वरच्या कप्प्यात आहे हे त्यांनी शाईच्या दोन रेषांवरून ओळखलं.

शिट्टी कुठे आहे ते सापडलं केंट परगण्यात. १९०६ च्या उन्हाळ्यात आर्थर कीथ सायकलवरून फिरून घरी आले, तर त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक सूक्ष्मदर्शकाशी त्यांची वाट पाहत होता. मोल नावाच्या, जमीन उकरणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयात त्याला पेशींचा एक वेगळाच पुंजका दिसला होता. १९०७ मध्ये दोघांनी तो प्रसिद्ध केला. आपल्या प्रत्येक ठोक्याचा उगम तिथे आहे.

मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये थॉमस लुईस यांनी हॉलंडच्या आइन्टहोव्हेन यांनी बनवलेलं ईसीजीचं नवं यंत्र वापरून १९०९ मध्ये दाखवून दिलं की ही वेडीवाकडी नाडी म्हणजेच वरच्या कप्प्यांची थरथर, आणि ती नेहमी आढळणारी गोष्ट आहे. खात्री करायला त्यांनी अशीच नाडी असलेल्या घोड्याची छाती उघडून वरचा कप्पा डोळ्यांनी थरथरताना पाहिला.

थरथर आहे हे कळलं. पण ती सुरू कुठून होते, धावते कुठून, हे कळायला अख्खं शतक लागलं. असं का? इथे आमच्यातल्या गणिताच्या बाईंना राहवत नाही.

समजा, लाट दर वेळी एकाच वाटेनं फिरते आहे. हृदयाचा असाही एक बिघाड असतो, त्याला फ्लटर म्हणतात. त्यात लाट मिनिटाला साधारण ३०० वेळा त्याच त्या रिंगणात धावते. तिचा नकाशा काढणं सोपं. एक तार एका जागी पक्की ठेवायची, ती आपलं घड्याळ. दुसरी तार जागोजागी टेकवत जायचं आणि लाट इथे किती उशिरा पोचली ते लिहून घ्यायचं. आज एक जागा, पुढच्या ठोक्याला दुसरी. लाट तीच असल्यामुळे सगळ्या नोंदी एकमेकींना जुळतात. शितावरून भाताची परीक्षा!

ए.एफ.मध्ये मात्र प्रत्येक शीत वेगळं. ह्या क्षणी लाट डावीकडून आली, पुढच्या क्षणी वरून, तिसऱ्या क्षणी दोन लाटा आपटून विझल्या आणि चौथी भलतीकडूनच उगवली. एक जागा मोजून दुसरीकडे जाईपर्यंत मिरवणूकच बदललेली असते. एकच बातमीदार गल्लोगल्ली धावून हा नकाशा काढू शकत नाही.

अमेरिकेतल्या गॉर्डन मो यांनी १९६० च्या सुमारास मांडलं की अशा अनेक भटक्या लाटा एकाच वेळी फिरत राहतात आणि एकमेकींना जगवतात. १९६४ मध्ये त्यांनी हे संगणकावर करून दाखवलं. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टला मॉरिट्स अलेसी यांनी एका बातमीदाराऐवजी शेकडो उभे केले, म्हणजे कुत्र्याच्या हृदयावर एकाच वेळी शेकडो जागी तारा टेकवल्या. १९८५ मध्ये त्यांनी दाखवलं की खरोखरच चार-सहा लाटा एकत्र भटकताहेत. पुढे १९९५ मध्ये त्यांच्याच गटानं बकऱ्यांवर आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ए.एफ. जितका वेळ चालू राहतो तितका तो पक्का होत जातो. ए.एफ.च ए.एफ.ला जन्म देतो. म्हणजे उशीर करून चालत नाही. हे वाक्य ऐकलं तेव्हा आम्हाला ते वडेवाले महिने आठवले.

१९८७ मध्ये सेंट लुईसला शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी ह्या ज्ञानावर एक ऑपरेशन बसवलं. वरच्या कप्प्यांत असे छेद द्यायचे की भटक्या लाटेला फिरायला जागाच उरणार नाही आणि शिट्टीचा इशारा मात्र वाट काढत खाली पोचेल. ऑपरेशनचं नावच 'मेझ', म्हणजे भूलभुलैया! पण त्यासाठी छाती उघडावी लागे.

आणि मग १९९८ साल. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल हायसागेर यांनी वेगळा प्रश्न विचारला. लाटा कुठे फिरतात ते राहू दे, पहिली ठिणगी कुठे पडते? ज्यांचा ए.एफ. येतो-जातो अशा ४५ रुग्णांच्या हृदयात त्यांनी बारीक तारा सोडल्या आणि थरथर सुरू होण्याआधीचा आगाऊ ठोका टिपला. ६९ ठिणग्या सापडल्या, त्यातल्या ६५ फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये! कप्प्याचा स्नायू ह्या शिरांमध्ये बाहीसारखा आत शिरलेला असतो, आणि तिथून हा चोरटा इशारा निघतो. डॉक्टरांनी त्या जागा डागल्या. आठेक महिन्यांनंतर ४५ पैकी २८ रुग्णांचा ए.एफ. परतला नव्हता. तेव्हापासून ह्या उपचाराचा पाया एकच आहे. त्या शिरांच्या तोंडाभोवती डागण्यांचं कुंपण घालायचं, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. ह्याला ॲब्लेशन म्हणतात.

आता आमची पाळी. २०१९ मध्ये पहिलं ॲब्लेशन झालं. मांडीच्या वरच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळ्या, हृदयाच्या उजव्या बाजूला गेल्या. तिथून दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक पाडून डाव्या बाजूला. गुंगीचं औषध होतं, पण मधूनमधून जाग येत होती, आणि बाजूला भला मोठा पडदा होता.

त्या पडद्यावरचं चित्र आम्ही विसरणार नाही. टेबलाखाली तीन चुंबकीय कड्या असतात आणि कॅथेटरच्या टोकाला बारीक संवेदक. टोक कुठे आहे हे यंत्राला एक मिलिमीटरच्या आत कळतं, मोटारीतल्या जी.पी.एस.सारखं. ही पद्धत इस्राएलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत श्लोमो बेन-हाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं नाव कार्टो. त्याआधी डॉक्टर एक्स-रेच्या सावलीवर अंदाजानं काम करत.

टोक कप्प्याच्या आतल्या भिंतीला टेकत जातं तशी प्रत्येक ठिकाणाची जागा आणि तिथली वीज नोंदवली जाते. अशा शेकडो-हजारो नोंदी झाल्या की पडद्यावर कप्पा हळूहळू आकार घेतो, कुणी हवेत रंगीत शिंपला विणावा तसा. जिथे वीज चांगली तिथे जांभळा रंग, जिथे भिंत निकामी तिथे लाल. चांगली म्हणजे तरी किती? अर्ध्या मिलिव्होल्टच्या वर. टॉर्चच्या एका सेलच्या तीन हजाराव्या भागाइतकी! एवढ्याशा विजेवर आपण जिने चढतो आणि लेझीम खेळतो.

बाहेर थांबलेल्या दुसरीनं त्या तीन तासांत एकच मासिक चार वेळा वाचलं आणि त्यातलं एक अक्षरही तिला आठवत नाही.

आठ महिने छान गेले. मग एका सकाळी पुन्हा कबुतर फडफडलं. खरं सांगतो, त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. असं परतणं नवलाचं नाही, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि होणं वेगळं.

दुसरं ॲब्लेशन २०२२ मध्ये झालं, आणि नकाशाची खरी किंमत आम्हाला तेव्हा कळली. डॉक्टरांनी सगळा कप्पा पुन्हा रंगवला. चारपैकी तीन शिरा शांत होत्या, लाल. उजवीकडच्या वरच्या शिरेत मात्र जांभळ्या रंगाची एक चिंचोळी पट्टी आत शिरत होती. कुंपणात काही मिलिमीटरची फट राहिली होती. डागलेली जागा सुजते, तेव्हा ती बंद वाटते. सूज उतरली की कधी कधी वाट पुन्हा मोकळी होते. त्या फटीवर मोजक्या डागण्या दिल्या आणि शिरेतली रेष सपाट झाली. तेव्हापासून आजपर्यंत ए.एफ. परतलेला नाही. पक्षाघाताच्या धोक्याचा हिशेब वेगळा असतो, म्हणून गोळी मात्र चालू आहे. ॲब्लेशन झालं म्हणून गोळी आपल्या मनानं कुणी बंद करू नका. आणि हा उपचारही अगदीच बिनधोक नाही. मांडीतून रक्तस्राव, क्वचित हृदयाभोवती रक्त साचणं, असे धोके असतात. ते डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

सगळ्यांचं असं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. ज्यांचा ए.एफ. ठाण मांडून बसला आहे त्यांचा नकाशा अजून कोडंच आहे. २०१२ मध्ये संजीव नारायण यांच्या गटानं ६४ तारांची टोपलीसारखी कॅथेटरं कप्प्यात उघडून दाखवलं की थरथरीच्या मुळाशी विजेचे भोवरे असतात आणि ते डागले की फायदा होतो. मोठी आशा निर्माण झाली. पण पुढच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये ५८९ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात शिरांच्या कुंपणाबरोबर आणखी जागा डागून पाहिल्या. दीड वर्षानंतर नुसत्या कुंपणानं ५९ टक्के रुग्णांचा ए.एफ. परतला नव्हता, जास्त डागलेल्यांत हे प्रमाण ४९ आणि ४६ टक्के निघालं. अति तिथे माती! छातीवर २५२ तारांचं जाकीट चढवून बाहेरूनच नकाशा काढायचे प्रयत्नही झाले आहेत. आता संगणकाला हजारो नोंदी दाखवून 'कुठे डागायचं' हे शिकवलं जातंय, आणि उष्णतेऐवजी विजेचे अतिसूक्ष्म झटके देऊन डागण्याची नवी पद्धतही आली आहे. काम चालू आहे.

मंडळी, आता काकूकडे येतो.

काकू आमच्या रत्नागिरीकडच्या घरात नांदायला आली तेव्हा अठरा वर्षांची होती. लहानपणी तिला ताप येऊन सांधे सुजले होते. घसादुखीनंतर येणारा हा संधिवाती ताप, ज्याला डॉक्टर रूमॅटिक फीवर म्हणतात. सांधे बरे झाले, पण हृदयाची झडप कायमची आकसली. हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मंगळागौरीची गाणी काकूला इतकी पाठ होती की आसपासच्या वाड्यांतून तिला बोलावणी यायची. चाळिशीनंतर तिला धाप लागायला लागली, छातीत धडधडायला लागलं. 'कामाचा शीण आहे' असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली. जवळ कुठे ईसीजीचं यंत्र नव्हतं. १९८६ च्या श्रावणात एका सकाळी ती अंगणात पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुढे ती नऊ वर्षं जगली. मंगळागौरीला तिला खुर्चीत आणून बसवायचे. बाकीच्या बायका गायच्या आणि ती डाव्या हातानं मांडीवर ताल धरायची. शब्द एकही येत नसे.

ताई तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. काकूची नाडी तिनं आदल्या दिवाळीत पाहिली होती. ती तिला वेडीवाकडी लागली होती, पण पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून २०१८ मध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर ती हसली नाही.

मॅकेन्झींच्या कागदावरची ती बर्न्लीची बाई आणि आमची काकू यांचा आजार एकच. तिच्यासाठी शाईच्या दोन रेषा तरी निघाल्या, काकूच्या वाट्याला तेवढ्याही आल्या नाहीत. मधे जवळपास शंभर वर्षं गेली होती.

मग कुणी विचारेल, नकाशाचं एवढं कौतुक केलंत, तर हा निधी नकाशाच्या यंत्रासाठी का नाही? आम्हीही हाच प्रश्न कार्यकारिणीला विचारला होता. ती यंत्रं मुंबई-पुण्यात आहेत, आणि चालवणारे निष्णात डॉक्टरही आहेत. अडचण त्याच्या अलीकडे आहे. ज्याची नाडी कुणी पाहिलीच नाही, तो माणूस त्या यंत्रापर्यंत पोचणार कसा? शिवाय काकूसारख्या रुग्णाला नकाशाच्याही आधी झडपेवरचा उपचार आणि रक्त पातळ ठेवणारं योग्य औषध लागतं. इथे आमच्यासारख्यांना मिळणाऱ्या नव्या गोळ्या तिथे चालतीलच असंही नाही. २०२२ मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाती झडपेच्या ए.एफ.मध्ये जुनं वॉरफरिनच्या गटातलं औषध नव्या रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा सरस ठरलं. त्या गटात मृत्यूही कमी झाले. पण वॉरफरिन घ्यायचं तर रक्ताची आय.एन.आर. तपासणी वरचेवर करावी लागते. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. ज्या गावातून तपासणीसाठी एसटीनं दोन तास जावं लागतं, तिथे बाई एकदा जाते, दोनदा जाते, तिसऱ्यांदा भातलावणी सोडून जात नाही.

म्हणून आजचा निधी कोकणातल्या एका धर्मादाय रुग्णालयाला चार साध्या गोष्टींसाठी जाणार आहे. गावोगाव नेता येतील अशी ईसीजी यंत्रं. बोटाच्या थेंबावर आय.एन.आर. सांगणारी छोटी यंत्रं आणि त्यांच्या पट्ट्या. संधिवाती ताप येऊन गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी द्यायचं पेनिसिलीनचं इंजेक्शन, म्हणजे ताप उलटून झडप आणखी बिघडू नये. आणि आशा व परिचारिकांना नाडी पाहण्याचं आणि ती वेडीवाकडी लागली तर पुढे काय करायचं याचं शिक्षण. शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे. आमच्या घराला तिचीच उणीव पडली.

आता एक काम सगळ्यांनी मिळून करूया. डावा तळहात वर करा. अंगठ्याच्या खाली, मनगटावर, उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. सापडली? छान. आता एक मिनिट कुणी बोलू नका. आकडा महत्त्वाचा नाही, ताल बघा.

(येथे सभागृहात एक मिनिट शांतता होती.)

धन्यवाद. श्वासाबरोबर ताल किंचित पुढेमागे होतो, एखादा ठोका चुकतो, त्यानं घाबरून जाऊ नका. पण ज्यांना कसलाच ताल सापडला नाही त्यांनी ह्या आठवड्यात जी.पी.कडे जाऊन ईसीजी काढून घ्या. आणि घरी गेल्यावर गावाकडे फोन लावा. आई, बाबा, मामा, आत्या, जे कुणी साठीच्या पुढचे असतील त्यांना हे एक मिनिट शिकवा. त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे ज्याला पडतात त्यासाठी तुमच्या टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. जे इथे कर भरतात त्यांनी गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी २५ पेन्स देतं. ही सूचना अर्थात आमच्यातल्या हिशेबनीसाची! रक्कम लहान की मोठी याचा विचार करू नका, थेंबे थेंबे तळे साचे. आम्ही आमचं पाकीट येतानाच भरून आणलं आहे, आणि त्यावर देणगीदार म्हणून काकूचं नाव लिहिलं आहे.

ताईला आज सकाळी फोन केला होता. भाषणात काय सांगू, असं विचारलं. म्हणाली, "माझं कौतुक नको. त्या मुलींना पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवा म्हणावं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात, त्यात ही नाडी निसटते."

निरोप पोचवला. चहा तयार आहे. वडेही आहेत, आणि त्यातला एक खायला आम्हाला डॉक्टरांची परवानगी आहे.